आत्याबाईची ओळख

ते यंत्र पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, तेव्हा मला ते कंडक्टरचं तिकिटाचं यंत्र वाटलं. तेवढंच मोठं, तसाच वरून कागद बाहेर टाकणारं. फक्त पुढच्या बाजूला बोट टेकवायला काचेचा एक लहानसा चौकोन होता. शिकवायला आलेला साहेब म्हणाला, "मॅडम, ही बँक आहे. पूर्ण बँक. हिला जपा." मी हसले. तो मात्र हसला नाही.

त्याआधी अकरा वर्षं मी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात होते. आधी थान उलगडून दाखवायचं आणि पुन्हा घडी घालायचं काम, नंतर बिलं करायचं. माझे आजोबा विणकर. पण मी हातमाग पाहिला तो माळ्यावर रचून ठेवलेल्या सुट्या लाकडांचा. विणणं आमच्या घरातून गेलं, तरी कापड काही सुटलं नव्हतं. मग दुकानाच्या मालकानं धंदा आवरता घेतला आणि कापडही सुटलं. मनीषनगरात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. नवरा तिथल्या नव्या इमारतींमध्ये वायरिंगची कामं करायचा. त्याच्याच एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, की एका बँकेला गावोगाव जाऊन बसणाऱ्या बायका पाहिजेत. पगार बेताचा, वर प्रत्येक व्यवहारामागं थोडं कमिशन. मी हो म्हणून टाकलं.

मला मिळालेलं गाव कुहीच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये. कुहीपर्यंत बस, तिथून पुढं सहा जणांची जागा असून अकरा जण बसवणारा ऑटो. मंगळवार आणि शुक्रवार माझे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक टेबल, एक खुर्ची आणि पैशांची लोखंडी पेटी एवढा सगळा थाट.

पहिल्याच दिवशी बँक उघडली नाही, कारण ओट्यावर रेंजच नव्हती. मी यंत्र हातात धरून इकडं फिरले, तिकडं फिरले, पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभी राहिले. लोक कौतुकानं पाहत होते. पंचायतीचा म्हातारा शिपाई पुढं आला. मग म्हणाला, "वर असते मॅडम रेंज. खाली नाई रायत." तो गेला आणि घरामागून एक लांबलचक बांबू घेऊन आला. माझा दुसरा फोन त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घातला, बांबूच्या टोकाला सुतळीनं बांधला आणि झेंडा उभारावा तसा तो बांबू ओट्याच्या खांबाला उभा केला. फोनला वर रेंज मिळाली, फोनकडून खाली माझ्या यंत्राला मिळाली, आणि बँक सुरू झाली.

पहिला आला तो एक गुराखी. त्याचा मुलगा पुण्याला कुठल्याशा कारखान्यात होता आणि बापाच्या खात्यात पैसे टाकायचा. ते काढायला बापाला दिवस मोडून कुहीला जावं लागायचं, म्हणून तो दोन-दोन महिने जायचाच नाही. त्यानं धोतराला अंगठा पुसला आणि काचेवर टेकवला. आतला लाल दिवा लागला. यंत्र थोडा वेळ विचार करत राहिलं आणि मग एक बाईचा आवाज मराठीत बोलला. ओळख पटली, व्यवहार झाला, वगैरे. कागद बाहेर आला. मी पेटीतून नोटा काढून त्याला दिल्या. तो नोटांकडं पाहायच्या आधी आपल्या अंगठ्याकडं पाहत राहिला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "हा आंगठा त्या पोराच्या पैशाले ओळखते?" त्यानं मला विचारलं.

मी तर दुकानात अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बिलं केलेली बाई, पण त्या क्षणी मीही त्याच्याइतकीच थक्क होते. वर पिशवीत बांधलेला फोन, खाली गुराख्याचा अंगठा, आणि मधल्या मध्ये कुठूनसं उत्तर येतं, की हाच तो माणूस. संध्याकाळी बसमध्ये मी माझा स्वतःचा अंगठा पुन्हा पुन्हा पाहत होते.

आत्याबाई माझ्याकडं आली ती दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात. साठीच्या आतबाहेरची बाई, जन्मापासून आंधळी, लग्न झालेलं नाही. धाकट्या भावाच्या घरी राहायची. भावाची मुलं तिला आत्याबाई म्हणत, म्हणून सारं गाव तिला आत्याबाई म्हणे. ती अंबाडीचे दोर वळायची. बैलाला बांधायचे, खाटेला विणायचे, विहिरीवरचे. बाजारात नायलॉनचे दोर आले तरी आसपासची जुनी माणसं तिच्याकडूनच दोर न्यायची, कारण तिचा दोर ओल्या हातातून सटकायचा नाही. भावाच्या खांद्यावर हात ठेवून ती ओट्याच्या पायऱ्या चढली. बसायच्या आधी तिनं टेबलाची कड चाचपली, मग माझा हात, मग यंत्र.

"हेच काय वं ते?" तिनं विचारलं.

"हेच, आत्याबाई. इथं आंगठा ठेवा."

तिनं ठेवला. लाल दिवा लागला. यंत्रानं विचार केला आणि मग दोनदा टूं-टूं करून गप्प झालं. ओळख पटली नाही. मी दुसऱ्या हाताचा अंगठा घेतला. नाही. मग तर्जनी, मधलं बोट, एकेक करत दहाही बोटं. ओल्या फडक्यानं पुसून पाहिली, तेलाचं बोट लावून पाहिलं, तळहात चोळून गरम करून पाहिले. आम्हाला शिकवलेले सगळे उपाय झाले. मग मी तिची बोटं माझ्या हातात घेऊन उजेडात धरली आणि पाहिलं. बोटांच्या टोकांवर रेघाच नव्हत्या. नदीतला गोटा असतो तशी ती गुळगुळीत होती. चाळीस-पन्नास वर्षं अंबाडी वळून वळून तिच्या बोटांवरचं सगळं पुसून गेलं होतं.

मी काही बोलायच्या आत तिच्या भावानं मागून मला हातानं खूण केली. थांबा, बोलू नका. मग तो मोठ्यानं म्हणाला, "झालं बाई, झालं. पटलं. मॅडम पैसे मोजून राहिल्या. तू बस."

आणि मला ओट्याच्या कोपऱ्यात घेऊन गेला.

तो भूमिहीन माणूस, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. बोलताना जमिनीकडं पाहायचा. त्यानं सांगितलं, की बहिणीला निराधाराचे सरकारी पैसे मंजूर होऊन दीड वर्ष झालं. खात्यात येतातही. पण ज्या शाखेत तिचं खातं उघडलं तिथं तो तिला दोनदा घेऊन गेला, आणि दोन्ही वेळा अंगठा लागला नाही. पुढच्या आठवड्यात या, साहेब नाहीत, दुसरा कागद आणा. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

"काय म्हने माहीत आहे मॅडम? म्हने, मले दिसत नाही ते ठीक आहे गा. पन मी बी कोनाले दिसत नाही काय?" त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "तवापासून मी तिले खोटं सांगतो. दर महिन्याले माह्या मजुरीतून काढून देतो, म्हनतो तुहे पैसे आले. ती तेवढ्यावर खूश रायते. तिच्या पैशानं आपल्या घरात मीठ-मिरची येते असं तिले वाटते. आता तुमचं मशीन आलं, तर तिनंच हट्ट धरला, मले ने म्हने. तुमी एवढं करा. हे धरा, तिच्या हातात द्या."

त्यानं माझ्या हातात घडी घातलेल्या नोटा दिल्या.

मी दिल्या. आजही मला ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी दिल्या. यंत्रातून जो 'व्यवहार अयशस्वी' असा कागद निघाला होता, तोही तिनं हात पुढं करून मागितला, म्हणून तोही दिला. तिनं तो नाकाशी नेऊन वास घेतला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या कापडी बटव्यात ठेवून दिला. असं चार महिने चाललं. दर महिन्याला एका ठरलेल्या शुक्रवारी ती यायची, अंगठा टेकवायची, यंत्र टूं-टूं करायचं. तिला वाटायचं, हाच त्याचा होकार. मी तिच्या भावाचे पैसे तिला द्यायचे, आणि ती म्हणायची, "बरं आहे वं बाई तुह्या मशीनचं. आंधळ्याले बी ओळखते."

त्या वाक्यानं मला घरी जेवण जायचं नाही. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या ऑफिसला विचार ना, दुसरा काही इलाज असेल. मी नागपूरच्या ऑफिसला फोन केला. आमचा सुपरवायझर तरुण, भला माणूस, पण घाईतला. तो म्हणाला, बोटं चालत नसतील त्यांच्यासाठी डोळ्याचं यंत्र आलंय, आयरिस म्हणतात, बुबुळ वाचतं. ट्रायलवर दोनच नग आहेत. "कोणासाठी पाहिजे?"

"एका आंधळ्या बाईसाठी."

मग तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "मॅडम, आंधळ्या बाईला डोळ्याचं मशीन?"

मीही ओशाळले. खरंच, काय मागते आहे मी? पण मग मला आठवलं, आत्याबाई एकदा बोलता बोलता म्हणाली होती, की आधार कार्ड काढायच्या वेळी तिच्या तोंडाला थंडगार काहीतरी लावलं होतं आणि डोळे मोठे कर म्हणाले होते. म्हणजे तेव्हा तिच्या डोळ्यांचेही फोटो घेतले होते. मी सुपरवायझरला तेवढंच विचारलं, "सर, मशीनला डोळ्यानं दिसायला पाहिजे, की नुसता डोळा पाहिजे?"

"थांबा," म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. तिथल्या तांत्रिक माणसाला त्यानं विचारलं होतं. नजर असण्याशी त्याचा संबंध नाही. बुबुळातला रंगीत भाग शाबूत असला, तर दिसो न दिसो, ओळख लागू शकते. "घेऊन जा मॅडम. पण शुक्रवारी संध्याकाळी परत पाहिजे."

त्या शुक्रवारी मी ते यंत्र ओढणीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. लहानशी दुर्बीण असावी तसं ते होतं.

आत्याबाईला मी आधी खरं काहीच सांगितलं नाही. नवीन यंत्र आलं आहे, आज यानं पाहू, एवढंच म्हटलं. सोबत तिचा भाऊ होता आणि त्या दिवशी भावजयही आली होती. ओट्यावर ऊन फार होतं. यंत्राला ऊन चालत नाही हे मला सांगितलं होतं, म्हणून शिपायानं पंचायतीची खोली उघडली, खिडकीला पोतं लावलं आणि स्वतः दारात उभा राहून लोकांना थोपवलं.

मी यंत्र तिच्या चेहऱ्यासमोर धरलं. पडद्यावर तिचा डोळा मोठा होऊन दिसला आणि लगेच कडेला सरकून गेला. तिचे डोळे एका जागी राहायचेच नाहीत. पाण्यात मासोळ्या फिरतात तसे ते सारखे फिरायचे. मी म्हटलं, "आत्याबाई, माझ्याकडं पाहा." ती काय पाहणार? तिनं आवाजाकडं मान वळवली, पण कान पुढं करून. जन्मभर ती कानानंच पाहत आलेली. मी डावीकडून बोलले की तिचा डावा कान पुढं यायचा, उजवीकडून बोलले की उजवा. समोरून बोलले तरी ती हटकून थोडी तिरपी व्हायची. यंत्र टूं-टूं करायचं. एकदा, दोनदा, सात वेळा. भावानं तर आशाच सोडली होती, तो माझ्याकडं पाहून मान हलवत होता.

तेव्हा भावजय पहिल्यांदा बोलली. ती बाई माझ्यासमोर कधी शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "दोनी कानाले सारखाच आवाज आला तर ती सरळ होईन ना मॅडम."

मी पेटी उघडली.

पेटीतली चिल्लर मी दोन मुठी काढली. एक मूठ भावजयीला दिली, एक भावाला. दोघांना आत्याबाईच्या दोन बाजूंना, हातभर अंतरावर, यंत्राच्या रेषेत उभं केलं. "सोबतच वाजवा," मी म्हटलं. त्यांनी मुठी हलवल्या. खुळखुळ, खुळखुळ. आत्याबाईची मान डावीकडं गेली, उजवीकडं आली, पुन्हा थोडी डावीकडं, आणि मधोमध येऊन थांबली. चेहरा माझ्यासमोर अगदी सरळ. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ती मन लावून ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिचे डोळेही शांत झाले. पूर्ण नाही, पण दोन श्वासांपुरते.

यंत्र बोललं. ओळख पटली.

भाऊ अजून चिल्लर वाजवतच होता. भावजयीनं त्याचा हात धरून थांबवला. साठ वर्षं ज्या डोळ्यांनी त्या बाईला काडीचंही काही दाखवलं नव्हतं, त्यांच्यात कोणीतरी पाहिलं आणि कुठंतरी दूर, मला ठाऊक नसलेल्या जागी, कोट्यवधी डोळ्यांतून उत्तर शोधून आणलं, की ही तीच.

"काहून गप्प झाले सारे?" आत्याबाई म्हणाली. "या मशीनमंदल्या बाईनं आज 'ओळख पटली' म्हटलं. आधी तं नुसतं टूं-टूं करे."

मी म्हटलं, "आत्याबाई, आता ती तुमची शिल्लक सांगते, ऐका." आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं ती खूश होईल. तिचा भाऊ पुढं धावला, हात हलवून नको नको म्हणाला, पण तोवर यंत्रानं सांगून टाकलं. एकवीस हजार तीनशे रुपये.

आत्याबाईचे ओठ हलत होते, ती मनाशी महिने मोजत होती. मग तिनं बटवा उघडला आणि त्यातून घड्या घातलेले ते चार कागद काढून टेबलावर ठेवले.

"मग ह्या चिठ्ठ्या कायच्या वं?"

मी खरं सांगितलं. सगळं. टूं-टूं म्हणजे काय होतं, कागदावर काय लिहिलं होतं, पैसे कोणाचे होते. भाऊ भिंतीला टेकून उभा होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"दीड वरीस?" ती त्याच्या दिशेनं म्हणाली.

"हाव."

"तुह्या मजुरीतून?"

"तू जेवत नव्हती बाई. मी काय करू?"

"आन हिले माहीत होतं?" म्हणजे भावजयीला.

"माहीत होतं," भावजय म्हणाली.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर रागावेल. तिनं दोन्ही हात पुढं केले. भाऊ जवळ आला. तिनं त्याचा चेहरा हातात घेतला आणि त्या गुळगुळीत बोटांनी चाचपून पाहिला. कपाळ, गाल, दाढीचे खुंट. "किती वाळला रे तू," म्हणाली. "मी म्हनो, हा आवाजानं असा काहून बारीक झाला." मग तिनं त्याच्या गालावर एक चापट मारली. हलकी नाही, चांगली मारली. "आंधळीले फसवते काय, नालायक?" आणि तिघंही हसायला लागली, रडायलाही लागली. दारातला शिपाई आत डोकावून विचारत होता, की मशीन बिघडलं काय.

त्या दिवशी तिनं तीन हजार काढले. पुन्हा चिल्लर वाजवली, पुन्हा चेहरा सरळ केला, या वेळी दुसऱ्याच प्रयत्नात लागलं. मी तिला पाचशेच्या कोऱ्या सहा नोटा दिल्या. तिनं एक नोट घेतली आणि वरच्या ओठावरून तिची कड हळूच ओढली. मग दुसरी.

"हे काय करता?"

"मोजून राहिली. बोटाले तं आता काई लागत नाही, पन ओठाले लागते. पाचशेच्या नोटेले कडेवर पाच रेघा रायतात. शंभराच्या नोटेले चार. तुले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं दुकानात आणि त्यानंतर या पेटीवर, मी किती नोटा हाताळल्या असतील. मी एक नोट घेतली, डोळे मिटले आणि ओठावरून ओढली. होत्या. तिरप्या, उठावाच्या, बारीक रेघा, एक दोन तीन चार पाच. नोट छापणाऱ्या कोणीतरी, कधीतरी, आत्याबाईसारख्या माणसाचा विचार करून त्या तिथं ठेवल्या होत्या, आणि मला आजवर त्या दिसल्या नव्हत्या. डोळ्याच्या यंत्राचं मला जेवढं नवल वाटलं, तेवढंच त्या पाच रेघांचं वाटलं. कदाचित थोडं जास्तच.

ऑटोची वेळ झाली होती. मी सामान आवरू लागले, तर आत्याबाईनं मला थांबवलं. भाऊ आणि भावजय बाहेर गेले होते.

"एक विचारू? त्या मशीनमंदी माहे डोळे तुले दिसले?"

"दिसले ना. मोठे होऊन दिसले."

"कसे आहेत?"

तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आंधळीचे डोळे कसे आहेत हे कोण कशाला सांगेल? मी खुर्चीवर बसले. सुचेल तसं सांगितलं. की मधे काळा ठिपका आहे. त्याच्याभोवती तपकिरी गोल. पण नुसता तपकिरी नाही. मधून कडेपर्यंत बारीक बारीक धागे गेले आहेत, शेकडो, काही सरळ, काही एकमेकांत पीळ घातलेले. तुमच्या दोराला मधून कापलं आणि टोकाकडून पाहिलं, तर तंतू दिसतात ना हाताला, तसे. आणि असे धागे जगात दुसऱ्या कोणाच्याच डोळ्यांत नाहीत. तुमच्या डाव्या डोळ्यातले उजव्यात नाहीत.

"खरं सांगून राहिली काय?"

"या वेळी खरं सांगते."

तिनं हळूच दोन्ही पापण्या मिटून त्यांच्यावर हात फिरवला, नव्या लुगड्याच्या पोतावर फिरवावा तसा. "चांगले आहेत म्हन की मंग," म्हणाली.

यंत्र त्या संध्याकाळी मला परत करावं लागलं. पण सुपरवायझरला मी सगळी हकीकत सांगितली, चिल्लरीसकट. तो उठून आत गेला, त्याच्या साहेबाशी बोलला, आणि पुढच्या महिन्यापासून ते यंत्र दर महिन्यातल्या एका शुक्रवारी माझ्या गावाला द्यायचं ठरलं. गावात अशी बोटं आणखी निघाली. चुना कालवणारा एक गवंडी, जन्मभर भांडी घासलेली एक म्हातारी, धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जाणाऱ्या तिघी. एरवी मंगळवारी-शुक्रवारी माझ्याकडं येऊन निमूट परत जाणारी माणसं. आता ती त्या एका शुक्रवारी खिडकीला पोतं लावलेल्या खोलीत एकेक करून यायची आणि यंत्रात डोळा घालून बसायची.

भावाचे दीड वर्षाचे पैसे आत्याबाईनं परत द्यायचे म्हटले. त्यानं घेतले नाहीत. बरेच दिवस त्यांची त्यावरून भांडणं चालली. भावजय मला ओट्यावर येऊन सगळं सांगायची, आता ती बोलू लागली होती. शेवटी आत्याबाईनं त्याला न विचारता कुहीच्या बाजारातून भावजयीसाठी शिवणयंत्र आणवलं. ऑटोच्या टपावर दोरानं बांधून ते गावात आलं, तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता. घरी येऊन पाहतो तर बायको पायडल मारत बसलेली आणि बहीण शेजारी बसून चाकाचा आवाज ऐकते आहे. त्यानं हातपाय धुतले आणि जेवायला बसला, असं भावजय म्हणाली. दुसऱ्या दिवशी स्वतःचा बाही फाटलेला सदरा बायकोपुढं ठेवून कामावर गेला.